रुमालाखालचा हात

वॉकर घरात आला त्या दिवशी फारुकनं त्याला लाथ मारायचा प्रयत्न केला. पण लाथ मारायची तर एका पायावर उभं राहावं लागतं, आणि नेमकं तेच जमत नव्हतं. तो धाडकन कॉटवर बसला आणि वॉकर विकत आणणाऱ्या धाकट्या भावाला, नईमला, आईबापावरून शिव्या देऊ लागला. दोघांचे आईबाप एकच, हे रागाच्या भरात त्याच्या लक्षात राहिलं नाही.

"पांगुळगाडा आणलास व्हय रं मला?"

"डॉक्टरनी सांगितला म्हणून आणला, भाई. नगं असंल तर पडा," नईम म्हणाला आणि निघून गेला.

फारुक अंथुर्ण्याचा, शेळ्या-बोकडांचा व्यापारी. इंदापूरच्या बाजारात त्याच्या नजरेला मान होता. पिकअपमधून बोकडं उतरवताना त्याचा पाय घसरला आणि डोकं खालच्या दगडावर आपटलं. बारामतीच्या दवाखान्यात डोक्याचं ऑपरेशन झालं, जीव वाचला. पण अंगाची डावी बाजू लुळी पडली आणि तोल गेला तो गेलाच. धंदा नईमनं सांभाळला. भाऊ होता म्हणून बरं झालं, असं येणारा-जाणारा म्हणायचा आणि ते 'बरं झालं' फारुकला मिरचीसारखं झोंबायचं.

त्या बाजारात भाव तोंडानं सांगत नाहीत. घेणारा आणि विकणारा समोरासमोर उभे राहतात, उजवे हात पुढं करतात, वर रुमाल टाकतात आणि आत बोटं दाबून भाव ठरवतात. भोवती कितीही गर्दी असो, आकडा त्या दोघांतच राहतो. हे सगळं उभ्यानं. आता वॉकरला तर दोन्ही हात गुंतलेले. म्हणजे वॉकर घेऊन बाजारात गेलेला माणूस नुसता बघ्या, आणि फारुकला बघ्या म्हणून जगायचं नव्हतं. बकरी ईदच्या आधीच्या बाजारात आपल्या हातानं एक तरी सौदा करीन, नाही जमलं तर पुन्हा बाजाराचं नाव काढणार नाही, असं त्यानं बायकोला, करिमाला, सांगून टाकलं.

करिमानं त्याचे लाड केले नाहीत. त्याच्या कमरेला जुनी ओढणी बांधायची, मागून घट्ट धरायची आणि रोज सकाळी त्याला अंगणात फिरवायचं, हा तिचा खाक्या.

"पाय उचला. फरफटू नगा."

"गुरासारखी हाकतीस मला."

"गुरं ऐकत्यात तरी."

शेजारपाजारच्यांनी कुंपणाला कान लावून ही भांडणं ऐकली. पण हळूहळू पाय उचलू लागला, दमही टिकू लागला. मग बारामतीच्या फिजिओ सुप्रिया मॅडमनी वॉकर काढून घेतला आणि खाली चार पाय असलेली काठी दिली. एक हात मोकळा झाला म्हणून फारुक पहिल्यांदाच हसला.

"काका, काठी उजव्या हातात धरायची," मॅडम म्हणाल्या.

"उजवा मला मोकळा पायजे. काठी डाव्यात द्या."

"धरून दाखवा."

डाव्या हातातून काठी निसटली आणि फरशीवर वाजली. इतका घाम गाळला, बायकोची बोलणी खाल्ली, आणि मोकळा झाला तो कुचकामी हात! रागानं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पाणी आलं म्हणून त्याला आणखी राग आला.

"ही काठी सोडली तरी उभी राहते," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "तिच्या शेजारी तुम्ही उभं राहायला शिका."

तो शिकला. पाय फाकवून, दात खाऊन, करिमाच्या अंगावर कोलमडून आणि वर तिलाच शिव्या देऊन शिकला.

बाजाराच्या दिवशी त्यानं घरचा एक बोकड पिकअपमध्ये चढवायला लावला.

"सौदा मी करतो, भाई. तुमी गाडीत बसा."

"तू बस गाडीत."

गर्दीतून काठी टेकत तो कळंबच्या सोनबासमोर जाऊन उभा राहिला. सोनबा त्याचा जुना वैरी. त्याच्याशी सौदा म्हणजे अर्धी सकाळ. रुमाल फेकायचा, एकमेकांची अक्कल काढायची, पाठ फिरवायची आणि परत यायचं. फारुकनं काठी सोडली. डावी मांडी लटलटायला लागली. सोनबानं रुमाल टाकला आणि फारुकनं रीतीप्रमाणं अव्वाच्या सव्वा भाव दाबला.

"दिला," सोनबा म्हणाला.

भोवतीची माणसं वाहवा करू लागली. मागं उभ्या नईमच्या तोंडावर हसू होतं. फारुकला मात्र कुणीतरी मुस्काटात मारल्यासारखं झालं. पहिल्या बोटाला या बाजारात कुणी सौदा देत नाही. दिला तर तो सौदा नसतो, दान असतं.

"तुला कुणी सांगितलं?"

सोनबा खाली बघू लागला. "नईम म्हणला, भाई मागंल त्यो भाव दे, वरचं मी भरतो. लेका, पाय बघ की तुझं कसं थरथरत्यात. कशाला वाढवायचं?"

"पडला असता तुमी, भाई," नईम म्हणाला. "सगळ्या बाजारासमोर."

"पडलो असतो! माझा मी पडलो असतो!" फारुक एवढ्या मोठ्यानं ओरडला की बोकड बिचकला. भावानं आपल्याला भिकाऱ्यात काढलं, तेही हसत हसत, हे त्याला मरणाहून वाईट वाटलं. त्यानं बोकडाच्या पाठीवर थाप मारली. "सोनबा, सौदा मोडला. रुमाल टाक परत. आन नीट भांड, न्हायतर जनावर घरी नेतो."

सोनबानं त्याच्याकडं टक लावून पाहिलं. मग नाक शिंकरून रुमाल टाकला आणि असा काही भाव दाबला की फारुकनं हात झटकून बाहेर काढला.

"बोकड हाय का कोंबडी?"

"मालक लुळा, मग जनावर काय धडधाकट असणार?"

नईम दातओठ खात सोनबाच्या अंगावर धावला.

"मागं सर, नईम!" फारुक गरजला. "मधी पडायचं न्हाय! सौदा चाललाय."

आणि त्यानं उजवा हात पुन्हा रुमालाखाली घालून सोनबाची बोटं करकचून दाबली.