पळपुटा चंद्र

निवृत्त प्राध्यापकांच्या संगणकातला चंद्र पृथ्वीभोवती फिरता फिरता दर फेरीला थोडा लांब सरकायचा आणि शेवटी पडद्याबाहेर पळून जायचा. घरातली माणसं आधीच पांगलेली असल्यामुळे प्राध्यापकांना याचं फारसं नवल वाटलं नाही. पण चूक प्रोग्रॅममध्ये होती, आणि ती शोधायला त्यांचा जुना सहकारी रोज दुपारी परगावाहून फोन करायचा. एरवी फोन वाजायचा तो कुणाचा तरी चुकून लागला म्हणून.

आज जेवण झाल्यावर प्राध्यापकांनी प्रोग्रॅममधल्या दोन ओळींची अदलाबदल केली. आधी चंद्राचा नवा वेग काढायचा, मग त्याच वेगाने नवी जागा. चंद्र गुणी घरजावयासारखा मुकाट्याने गोल फिरू लागला.

"जमलं!" ते ओरडले. स्वयंपाकघरातल्या फ्रिजने तेवढी घरघर करून दाद दिली.

मग फोन वाजला.

"काय रे, चंद्र आहे का घरी?" सहकाऱ्याने विचारलं.

प्राध्यापक पडद्याकडे बघत राहिले. जमलं म्हटलं, तर हा उद्या कशाला फोन करेल?

"कसला घरी! पुन्हा पळाला लेकाचा."

"बरं झालं," सहकारी पटकन बोलून गेला. मग घसा खाकरून म्हणाला, "म्हणजे, वाईटच झालं. उद्या बघू."