गूळ कोन मांगते

मी पुंजाजी, मोताळ्याचा. डोकं माहं लवकर तापते, पन बायकोवर, रुखमावर, कधी हात उचलला नव्हता. जर्मनची दुसरी लढाई चालू व्हती त्या साली मात्र उचलला. सकाळी उठली का ते माह्या मायले शिव्या दे, घामानं वली होय, डोळे फिरवे अन् गूळ मांगे. गूळ खाल्ला का शुद्धीवर ये अन् इचारे, "काय झालं हो?"

भगत म्हने, गूळ ते नाई मांगत, तिच्या आंगातलं भूत मांगते. उपाशी ठेवा, निंघून जाईन. आमी गाढवावानी आयकलं. मायनं गुळाची ढेप कुलपात घातली. तिसऱ्या दिवशी रुखमाची दातखीळ बसली. मंग माह्याच्यानं राहावलं नाई, बैलगाडीत घालून बुलढान्याले भगवंतराव डाक्तरकडं नेली. त्यायनं शिरेतून साखरेचं पानी देल्लं. सुई निंघाच्या आंदी रुखमा बोलू लागली.

डाक्तरनं सुई काढून ठेवली. मंग म्हनले, "पुंजाजी, हे भूत नाही. असं दुखणं मी फक्त पुस्तकात वाचलंय. हिला नागपूरला ने."

नागपूरच्या दवाखान्यात रगत तपासलं, पोट उघडलं. जठरामांगं कॅन्सरची गाठ व्हती, आंगातली साखर खानारी. कलेजीभर पसरली व्हती. तसंच शिवून टाकलं. दर दोन घंट्यानं गोड द्या म्हने, दुसरा इलाज नाई.

घरी माय रडत रडत गुळाचं पानी करे. रुखमाले आता वासानंच उलटी होय. एका दुपारी वाटी पिऊन ते म्हनली, "आता मी शुद्धीत हावो ना?"

"हाव."

"मंग उद्यापासून देऊ नोका. पोट फाटून राह्यलं. जाऊ द्या मले."

"हे दुखनं बोलते तुह्यं."

"मांगलं तवा भूत बोले, नोको म्हनलं त दुखनं बोलते. मंग मी कवा बोलू?"

मी बरं म्हनलो.

सकाळी वाटी नेली नाई, तिचा हात धरून बसलो. घाम फुटला, डोळे फिरले, अन् माह्या हाताले चावत ते मांगू लागली, गूळ द्या, गूळ द्या हो. यातली माही रुखमा कोनती, हे मले कोन सांगन?

मी देल्ला. शुद्धीवर आल्यावर तिनं जीभ व्हटावरून फिरवली. गोड लागलं असन. मंग तिनं भिताडाकडं तोंड फिरवून घेतलं.