एक पापुद्रा जास्त

प्रयोगशाळेत माणसं तीनच. साहेब सह्या करायचे, काका यंत्र चालवायचे आणि उरलेलं सगळं नवीकडे. ती आली त्या दिवशी काकांनी ‘नवी आली का?’ असं विचारलं आणि तेच नाव तिला चिकटलं. येत्या शनिवारी तिचे कच्च्या नोकरीचे तीन महिने भरत होते. त्या दिवशी साहेब एक तर पक्कं पत्र देणार होते, नाहीतर ‘कळवू’ म्हणणार होते. साहेबांनी ‘कळवू’ म्हटलेल्या कोणालाही आजवर काही कळलेलं नव्हतं.

त्या आठवड्यात बियाणं कंपनीची कांद्याची गोणी आली होती. दर वर्षी ती याच सुमाराला यायची. कांद्यात क्वेर्सेटिन किती, एवढंच मोजायचं. हे द्रव्य झाड स्वतःच्या बचावासाठी बनवतं. माणसाच्या पोटात गेल्यावर ते आतला गंज थोपवतं, अशी आशा आहे. कांद्यात ते भरपूर. सफरचंदाच्या सालीत, द्राक्षांत, चहात थोडं थोडं. कंपनीच्या माहितीपत्रकात त्याचा आकडा ठळक छापलेला असायचा आणि खाली बारीक अक्षरात ‘हृदयाला हितकर ठरू शकते, सूज कमी करू शकते’ असं असायचं.

“‘ठरू शकते’ म्हणजे आमच्या जावयासारखं,” काका म्हणायचे. “येऊ शकतो म्हणतो. चार वर्षं झाली.”

या खेपेला आकडा पाव हिस्सा कमी आला. पुन्हा मोजला, तरी तेवढाच.

कंपनीच्या बाईंचा फोन आला. त्या रागावल्या नाहीत. “दुसरीकडून तपासून घेऊ का?” असं त्यांनी गोड आवाजात विचारलं. त्यानंतर साहेब दिवसभर चहाला आले नाहीत.

संशय ठरलेल्या क्रमाने फिरला. आधी कांद्यावर, मग रसायनाच्या बाटलीवर, मग यंत्रावर आणि शेवटी काकांच्या चष्म्यावर. कांदे सोलण्याकडे कोणी पाहिलं नाही. सोलणं हे काम मानायची तिथे पद्धतच नव्हती.

“शनिवारपर्यंत कारण पाहिजे,” साहेब म्हणाले. “यंत्राचं असेल तर यंत्र जाईल. माणसाचं असेल तर माणूस.”

हे ते काकांकडे बघून म्हणाले. काकांनी यंत्राकडे बघितलं. नवी कांद्याच्या साली गोळा करत होती.

गुरुवारी संध्याकाळी ती घरी भाजी चिरत बसली होती. सासूबाईंना रक्तदाबाची गोळी चालू होती, आणि सुनेच्या नोकरीमुळे त्यांना क्वेर्सेटिनचीही चांगलीच माहिती झाली होती. नाव तोंडात बसत नव्हतं, म्हणून त्या त्याला ‘तुमचं ते’ म्हणत. हल्ली सफरचंद सालीसकट खात. त्यांच्या कवळीला ते मानवत नव्हतं, पण कवळीला विचारतो कोण.

त्यांनी कचऱ्याच्या डब्यात डोकावून एक जाड, ओलसर पापुद्रा उचलला.

“हे काय गं? कांदा सोलतेस की त्याची सालटी काढतेस?”

“वरचा पापुद्रा काढावाच, आई. हात लागलेले असतात दहा जणांचे. आमच्याकडे असंच सोलतात.”

“तुमच्याकडे कांदे फुकट येत असतील. आणि तूच म्हणाली होतीस ना, तुमचं ते वरच्या थरांतच जास्त असतं म्हणून? मग मला काय पोकळ गाभा खायला घालतेस?”

नवीचा हात थांबला. आपण प्रयोगशाळेतही असंच सोलतो हे तिच्या लक्षात आलं, आणि पाठोपाठ शनिवार आठवला.

“गोळी बंद करू का मग, पापुद्रे खाऊन?” सासूबाई विचारत होत्या.

“गोळी चालू ठेवा. कांदा कांद्याच्या जागी.”

शुक्रवारी ती तासभर आधी गेली. गोणीतले दहा कांदे घेऊन दोन ढीग केले. पाच कांदे माहेरच्या रीतीने सोलले, पाच सासूबाईंच्या. काका आल्यावर त्यांना काही न सांगता दोन्ही नमुने यंत्राला लावायला दिले. सासूबाईंच्या ढिगाचा आकडा गेल्या तीन वर्षांच्या आकड्यांशी जुळला. माहेरचा पाव हिस्सा कमी. मग तिने दोन्ही ढिगांच्या साली काकांपुढे ठेवल्या.

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. “आधीचा होता ना, तो आळशी. वाळकं फोलपट ओढायचा आणि कांदा टाकायचा भांड्यात. तीन वर्षं आपला आकडा त्याच्या आळसावर उभा होता की.” मग हळूच म्हणाले, “हे सांगितलंस तर तू जाशील.”

“नाही सांगितलं तर तुम्ही जाल.”

“मी तसाही दोन वर्षांत जाणार आहे,” काका म्हणाले. पण तिला अडवलंही नाही. दोन वर्षं म्हणजे चोवीस पगार.

साहेबांनी दोन्ही आकडे पाहिले.

“म्हणजे चूक तुझी.”

“हो. मी एक पापुद्रा जास्त काढला. पण किती काढायचा, ते कुठे लिहिलेलं नाही.”

साहेबांनी कार्यपद्धतीची फाईल मागवली. पाणी किती अंशांवर, बरोबर किती मिनिटं, गाळणकागद कोणता, भांडं किती वेळा विसळायचं, सगळं होतं. दुसऱ्या पानाच्या पहिल्या ओळीत ‘कांदा सोलून घ्यावा’ एवढंच होतं. खाली सही साहेबांची. त्यांनी ते पान जरा जास्तच वेळ वाचलं.

“मोजणीत दुरुस्ती आहे, नवा आकडा पाठवतो,” असं त्यांनी कंपनीच्या बाईंना फोनवर सांगितलं. दुरुस्ती कशामुळे, ते बाईंनी विचारलं नाही आणि साहेबांनी सांगितलं नाही.

शनिवारी नवीला पक्कं पत्र मिळालं. साहेबांचं मन मोठं, असं ती घरी म्हणाली. सासूबाईंनी मान हलवली. काकांचा हिशेब वेगळा होता: तिला काढायचं तर कागदावर कारण लिहावं लागलं असतं, आणि कारण दुसऱ्या पानावर होतं.

त्याच दिवशी साहेबांनी फाईलमध्ये एक ओळ घालायला सांगितली. नवीने सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘फक्त वाळकी साल काढावी. ओला पापुद्रा काढू नये.’

“खाली सही कर,” साहेब म्हणाले.

“माझी?”

“सोलणार कोण आहे?”

सोमवारी ती उरलेले कांदे सोलायला बसली. वाळकी साल निघाली आणि अंगठा सवयीने पुढच्या पापुद्र्यात रुतला.

“सही,” काका यंत्रामागून म्हणाले.

तिने अंगठा काढून घेतला. कांद्यावर नखाची खूण राहिली होती. तो कांदा तिने बाजूला ठेवला आणि दुसरा घेतला.