थांबते कशी, हे कुणी विचारलंच नाही

मित्रांनो, दिवाळे गावात बंदराच्या वरच्या अंगाला एक बदामाचं झाड आहे. त्याच्याखाली निळ्या ताडपत्रीत गुंडाळलेलं जे धूड दिसतं, ती मी. मोटारसायकल. वयाने फार म्हातारी नाही हं, पण तीन मालकांच्या हातून गेलेल्या गाडीने स्वतःला तरुण म्हणवून घेऊ नये. आरशाला तडा, टाकीवर वीतभर ओरखडा आणि मनाला आलेला शीण, एवढं भांडवल घेऊन मी माझी गोष्ट सांगायला बसले आहे. बसले कसली, स्टँडवर कलले आहे.

माझं इंजिन साडेसहाशे सीसीचं. म्हणजे किती, ते सोपं करून सांगते. तुमच्या गल्लीत दूधवाल्याची मोटारसायकल येते ना, तशा सहा एकत्र केल्या की मी होते. वजन एवढं, की आडवी पडले तर उचलायला दोन माणसं लागतात. कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझ्या अंगात नुसती रग होती. वाटायचं, कधी एकदा मोठा रस्ता दिसतो आणि धावते!

पहिला मालक कुलदीप. ऐरोलीला मोठ्या कंपनीत कामाला होता. त्याने माझी हौस केली, नाही असं नाही. पण नव्याचे नऊ दिवस. मला सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभं करून तो येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचा. बघणारा एकच प्रश्न विचारायचा, "टॉपला किती जाते?" कुलदीप आकडा सांगायचा, समोरचा "बापरे!" म्हणायचा, की झाली माझी चाकरी. पुढेपुढे माझ्यावर धूळ बसली आणि सीटवर मांजर झोपायला लागलं. त्या मांजराएवढी माझी विचारपूस दुसऱ्या कुणी केली नाही.

दुसरा शौनक, खांदेश्वरचा. हा मात्र मला रोज पळवायचा. वळणावर सांडलेल्या खडीवर आम्ही दोघं घसरलो. त्याचा पाय प्लॅस्टरमध्ये गेला आणि माझ्या टाकीवर हा ओरखडा आला. त्यानंतर त्याची आई जिन्यातून उतरताना माझ्याकडे चावरं कुत्रं बघावं तशी बघायची. आता तुम्हीच सांगा, खडी मी सांडली होती का? पण बोलायचं कुणाला? शेवटी शौनकने माझे फोटो काढून मोबाइलवर विकायला टाकले. ओरखड्याची बाजू फोटोत आली नाही.

आणि मग आला तेजस. दिवाळे गावचा, गोटीराम नाखवा आणि मालतीबाईंचा एकुलता एक मुलगा. बाप खाडीत होडी घालतो, आई बेलापूरला मासळी विकते. तेजसला ऐरोलीला नवी नोकरी लागली होती आणि जाण्यायेण्याला गाडी हवी होती. एखादी स्कूटर पुरली असती हो! पण उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. लायसन्स इतकं नवं, की कार्डावरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं.

शौनकने विचारलं, "आधी काय चालवलंयस?"

"मामाची स्कूटर. आणि टेस्टला मित्राची शंभर सीसी. जमेल रे, टेन्शन नाय. टॉपला किती जाते?"

घ्या! पुन्हा तेच. मला वाटलं होतं, शौनक आपला पाय दाखवेल, टाकीचा ओरखडा दाखवेल, म्हणेल की बाबा रे, वर्षभर लहान गाडी चालव आणि मग ये. तो क्षणभर थांबलाही. पण मग त्याने आकडा सांगितला आणि किल्ली पुढे केली.

खांदेश्वरपासून दिवाळ्यापर्यंत तेजसने मला प्रत्येक सिग्नलला बंद पाडलं. मागचे रिक्षावाले काय काय बोलले, ते मी इथे सांगत नाही. घरी पोचलो तेव्हा तो घामाने निथळत होता आणि मी लाजेने.

मालतीबाईंनी हळदकुंकू वाहिलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. गोटीराम ओटीवर जाळं विणत बसला होता, तो उठला नाही. सगळं आटोपल्यावर मान वर न करता म्हणाला, "तेजस, आपले होडीवर पयला हंगाम कोनी सुकानूला हात लावत नाय. तू बी नाय लावलास. पानी उपसलास, जाली साफ केलीस, वारा बगायला शिकलास, मंग सुकानू हाती आला. आन हिच्यावर पयलेच दिशी?"

"बाबा, ही काय होडी हाय? लायसन हाय ना माज्याकडे!"

"लायसन पान्याला दाखव जा," गोटीराम म्हणाला आणि त्या दिवसापासून बापलेकांचा अबोला सुरू झाला. जेवायला शेजारी बसायचे, पण मीठ हवं असलं तरी आईच्या मार्फत मागायचे. मालतीबाई बिचारी दोघांची टपालवाली झाली.

खरं सांगू? मला गोटीरामचंच पटलं होतं. दोन मालकांनी माझी हौस पुरती फेडली होती. आता तिसऱ्याच्या हाडांचा आवाज ऐकायचं त्राण माझ्यात नव्हतं.

पण पोरगा वाईट निघाला नाही. रोज सकाळी तो मला मोकळ्या मैदानात घेऊन जायचा, हळू चालवायचा, वळवायचा, थांबवायचा. एक खोड मात्र जाईना. स्कूटरला डाव्या हाताशी ब्रेक असतो. माझ्या डाव्या हाताशी क्लच. ब्रेक माझा उजव्या हाताशी आणि उजव्या पायाशी. जरा काही आडवं आलं, की तेजसचा डावा हात आधी दाबला जायचा. क्लच दाबला की इंजिनाचा माझ्यावरचा लगाम सुटतो आणि मी मोकाट होते. तो स्वतःलाच ओरडायचा, "तेज्या, उजवा! उजवा!" मग माझ्या टाकीवर थाप मारून म्हणायचा, "सॉरी हां, बाय." किती वर्षांनी मला कुणी काही म्हटलं होतं! मी मनातल्या मनात त्याची झाले.

गोटीराम ओटीवरून आम्हाला जातायेताना बघत होता. तेजस परत येईपर्यंत त्याच्या जाळ्याची एक गाठ पुढे सरकत नव्हती.

मग एका संध्याकाळी मालतीबाई म्हणाल्या, "तेजस, उंद्या मना करावेला ने तुजे गारीवर. माज्या भावाला बगू दे, बयनीचा पोऱ्या केवरा झाला तो." करावे म्हणजे त्यांचं माहेर. तेजसने आनंदाने मान डोलावली. गोटीरामने ऐकलं आणि तो उठून होडीकडे गेला.

तो परतला तेव्हा त्याच्या हातात होडीच्या इंजिनाच्या तेलाचा डबा आणि फडकं होतं. तेजस बाहेर गेला होता. गोटीराम माझ्यापाशी उकिडवा बसला. आयुष्यभर खाऱ्या वाऱ्यात लोखंड जपलेला माणूस तो. कोळ्याच्या घरात लोखंडावर माया करायची म्हणजे त्याला तेल पाजायचं. त्याने माझी साखळी पुसली, नट पुसले, सायलेन्सर पुसला. इतक्या मायेने मला आजवर कुणी पुसलं नव्हतं. मी सुखावले होते. आणि मग त्याचा हात माझ्या चाकातल्या चकचकीत तबकड्यांकडे वळला.

मित्रांनो, त्या तबकड्या म्हणजे माझे ब्रेक. त्यांना दोन्ही बाजूंनी चिमटा बसतो, तेव्हा मी थांबते. तिथे तेलाचा थेंबही चालत नाही. आणि गोटीरामने पुढची तबकडी दोन्ही अंगांनी तेलात न्हाऊ घातली. मग मागची.

"हितंच पयला गंज धरतो," तो पुटपुटला. मग माझ्या दिव्यावर हात ठेवून म्हणाला, "बाय, माजी दोन मानसा उंद्या तुज्यावर बसतीन. नीट ने आन नीट आन."

काय करू मी? मला तोंड नाही, हात नाही. हॉर्न आहे, पण तोही दुसऱ्याने दाबावा लागतो. अरे बाबा, पुस ते, पुस! मी आतून ओरडत राहिले. तो डबा घेऊन समाधानाने घरात गेला आणि किती दिवसांनी मला त्याच्या गुणगुणण्याचा आवाज आला.

सकाळी मालतीबाई हिरवं लुगडं नेसून, अबोलीची वेणी माळून आल्या. हातात भावासाठी सुक्या बोंबलांची पिशवी. तेजसने त्यांना हेल्मेट घातलं, तर म्हणाल्या, "वेनी चेपली ना रं माजी!" गोटीराम दाराशी उभा होता. मी चकाकत होते, आणि तेजसला वाटलं, आईनेच पुसली असेल.

घरापुढची गल्ली सरळ उतरते ती बंदरावर. तिथे डावीकडे वळायचं. न वळलं तर पुढे धक्का, आणि धक्क्याखाली ओहोटीचे दगड. उताराच्या मध्यावर तेजसने ब्रेक दाबला, बरोबर उजव्या हाताने. चिमटा माझ्या तबकडीवरून सुळकन घसरला. त्याने पाय दाबला. मागचाही घसरला. पोरगा घाबरला, आणि घाबरलेल्या माणसाचं शिकलेलं नाही, सवयीचं चालतं. डावा हात दाबला गेला. लगाम सुटला. माझं एवढं थोरलं वजन, वर दोन जिवांचं, सगळं खाली निघालं.

"तेजस, धक्का रं!" मालतीबाई किंचाळल्या.

समोर धक्का, डाव्या बाजूला वाळत घातलेल्या जाळ्यांचा ढीग. तेजसने मला स्वतःसकट त्या ढिगात लोटलं. मालतीबाई जाळ्यांवर जाऊन पडल्या. मी पडले ती तेजसच्या पायावर. त्याच्या हाडाचा आवाज मी ऐकला. तो मला पुन्हा ऐकायचा नव्हता हो!

गोटीराम धावत आला. बायको उठून बसलेली दिसली, मुलगा कण्हताना दिसला, आणि त्याने शेजारच्या होडीतलं वल्हं उचललं ते माझ्यावर. "मी बोललो होतो! ही खाईल माजे पोराला बोललो होतो!"

"बाबा, आधी गाडी उचला," तेजस कसाबसा म्हणाला.

गोटीरामने वल्हं टाकलं आणि मला उचलायला चाकात हात घातला. बोटं तबकडीला लागली. त्याने हात मागे घेतला, बोटांकडे बघितलं, मग ती नाकाशी नेली. आपल्या होडीच्या तेलाचा वास कुठला नाखवा ओळखणार नाही? शेजारच्या दोघांनी मला उचललं, तरी तो तसाच खाली बसून राहिला.

"मीच लावला," तो म्हणाला. "तेल मीच लावला रं, पोरा. गंज धरंल म्हनून."

तेजस त्याच्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता हा बापाला बोलणार. पण त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला विचारायचं ना, बाबा. मी सांगितलं असतं, तिथं नका लावू म्हणून."

"विचारनार कसा? आपून बोलत होतो का?"

तेव्हा मालतीबाई कडाडल्या. लुगडं फाटलेलं, हेल्मेट डोळ्यांवर आलेलं, बोंबील चहूकडे पांगलेले. "गारीनं नाय, तेलानं नाय! तुमचे दोगांचे अबोल्यानं आज मेली असती मी! मीठ मागायला मी, न् मरायला बी मीच काय?"

सगळं बंदर ऐकत होतं. बापलेकांनी माना खाली घातल्या. मग गोटीरामने तेजसचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं आणि तो मोठमोठ्याने रडला.

तेजसचा पाय आता बरा होत आला आहे. माझ्या तबकड्या स्वच्छ झाल्या, चिमट्यांना नवीन गाद्या बसल्या. तरी मी ताडपत्रीत आहे, आणि हे तेजसनेच ठरवलं. पाय बरा झाला की मिथुन नावाच्या मित्राची लहान मोटारसायकल घेऊन तो कामावर जाणार. "पयला हंगाम," एवढंच तो बापाला म्हणाला. त्या दिवशी गोटीरामने आपल्या ताटातली पापलेटाची मधली तुकडी पोराच्या ताटात टाकली.

रविवारी दोघं मिळून मला पुसतात. गोटीराम फडकं घेऊन प्रत्येक ठिकाणी थांबतो. "हितं लावू?" तेजस काठीवर रेलून सांगतो, "लावा." "आन हितं?" "तिथं नको, बाबा." मागच्या रविवारी गोटीराम फडकं खाली ठेवून म्हणाला, "पलते कशी ते र्‍हाऊ दे. ही थांबते कशी, ते मना दाखव."

मित्रांनो, तीन मालक झाले, शेकडो माणसं माझ्याभोवती उभी राहून गेली, पण हा प्रश्न मला पहिल्यांदाच कुणी विचारला. तेजस बापाच्या शेजारी खाली बसला आणि चिमटा, तबकडी, ब्रेकच्या आतल्या तेलाची बंद नळी, एकेक करून दाखवत राहिला. म्हातारा मान डोलवत होता. मी फार थकले आहे, पण त्या दिवशी माझ्या इंजिनात कुठेतरी जुनी रग हलली.

तुम्ही मोठे व्हाल, तुमच्याही हाती लायसन्स येईल. गाडी घ्यायला जाल तेव्हा आकडा विचारण्याआधी हा प्रश्न विचारा, आणि पहिला हंगाम लहान गाडीवर काढा. आणि घरात कुणी तुमच्यावर रुसून तुमची गाडी पुसत असेल, तर आधी जाऊन त्याच्याशी बोला. माझं एवढं ऐका. मला तोंड नाही, तुम्हाला आहे.

मालतीबाई सकाळी डोक्यावर पाटी घेऊन माझ्या शेजारून जातात. जाताजाता ताडपत्रीवर हात फिरवतात आणि म्हणतात, "माजा माहेर बाकी हाय गं, बाय. घाई नाय."