इंटरव्हलनंतर

"अंकल, ओ अंकल. पिक्चर खतम हो गया."

हरीकाकांनी डोळे उघडले तेव्हा पडद्यावर पांढरी नावं वर सरकत होती आणि सफाईवाला लांब दांड्याचा झाडू घेऊन त्यांच्या खुर्चीशी उभा होता. ते चटकन सावरून बसले.

"मालूम है. नाम पढ रहा हूँ."

"पढो, पढो," म्हणत तो मागच्या रांगेतले पॉपकॉर्न गोळा करायला गेला. काका आता त्याच्या ओळखीचे झाले होते. मे महिना लागला की हे गृहस्थ आठवड्यातून एकदोनदा दुपारच्या खेळाला येत, कडेची खुर्ची धरत आणि शेवटी नावं वाचत. चष्मा मात्र त्या वेळी शर्टाच्या खिशात असे.

बाहेर ऊन नुसतं भाजून काढत होतं. शेअर रिक्षात दोन बायांच्या मध्ये अंग चोरून बसून हरीकाका मीरा रोडहून खारीगावाकडे निघाले आणि वाटेतच त्यांनी आजच्या सिनेमाचं मत पक्कं करून टाकलं. मत त्यांना लागलीच तयार ठेवावं लागे. बिल्डिंगच्या दारात कोण कधी विचारील, सांगता येत नाही.

यंदाच्या उन्हाळ्यावर ते एकंदरीत नाराजच होते. हिंदी मारामारीच्या सिनेमाबद्दल त्यांचं म्हणणं होतं, की त्यातला हीरो जमिनीला पाय लावतच नाही. पैसे मोजून आपण खाली बसायचं आणि त्याने वर. दक्षिणेकडून डब होऊन आलेल्यात तोंड एक बोलतं आणि आवाज दुसरंच सांगतो, पण माणसं मेहनती आहेत, पाण्यात उभं राहून भांडतात. भुताच्या सिनेमातलं भूत स्वभावाने बरं होतं, घरातली माणसंच वाईट होती. पोरांच्या कार्टूनला जरूर जावं, पण स्वेटर घेऊन, कारण तिथला एसी अंगावर येतो. बिल्डिंगमध्ये ही मतं चालत. नव्हे, त्यांना मान होता. मे संपताना लोक गावाहून फणसाचे गरे आणि आमसुलं घेऊन परत आले, की शाळा सुरू होण्याआधी एक सिनेमा बघायचा असे, आणि तो कुठला हे हरीकाकांना विचारल्याशिवाय ठरत नसे. शिवाय त्यांची एक मोठी ख्याती होती. ते शेवट कधीही सांगत नसत. कुणी खोदून विचारलं तरी हसून म्हणत, "शेवट ज्याचा त्याने बघावा."

आता खरी गोष्ट अशी होती, की शेवट त्यांनाही माहीत नसे.

पहिला अर्धा ते डोळ्यांत तेल घालून बघत. इंटरव्हलला बाहेर जाऊन येत, खुर्चीत टेकत आणि दिवे मालवले की दहा मिनिटांत त्यांचा डोळा लागे. उभी हयात भाईंदरच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशच्या मशीनवर गेली होती. त्या घरघराटाची इतकी सवय, की आवाजात त्यांना झोप येई आणि शांततेत उडे. घरी शांतताच होती. मंदा गेल्याला तीन वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. माणगावच्या घरी भाऊ-भावजय "या" म्हणत, पण "कधी येताय" असं विचारत नसत. त्यामुळे मे महिन्यात सगळी बिल्डिंग रत्नागिरी-रायगडाकडे रिकामी झाली, की हरीकाका शेजाऱ्यांच्या तुळशींना पाणी घालत मागे राहत. रात्री जिन्यातून कुणी चढत नसे, वरच्या मजल्यावर कुणी पाट ओढत नसे. ते पंख्याकडे बघत पडून राहत.

आणि गंमत म्हणजे पूर्वी हे नेमकं उलटं होतं. सिनेमाला झोपायची ती मंदा. पहाटे चारला उठून ती डब्यांच्या पोळ्या लाटायची. रविवारी हौसेने साडी नेसून सिनेमाला निघायची आणि इंटरव्हलनंतर काकांच्या खांद्यावर डोकं टाकून मोकळी व्हायची. काका तिला उठवत नसत, खांदासुद्धा हलवत नसत. परतताना रिक्षात बसलं की ती विचारायची, "हां, सांगा. आणि मग?" मग काका तिला राहिलेला सिनेमा सांगत. पडद्यावर कुणी मेलं असेल तर त्याला ते रिक्षात जिवंत करत. मंदाला मेलेली माणसं आवडत नसत. किती नायिकांना त्यांनी दवाखान्यातून घरी आणलं असेल, किती म्हातारे स्टेशनवर वेळेवर पोहोचवले असतील. मंदा सगळं ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "बरं झालं." तिला फसवल्याचं काकांना इतकी वर्षं मनातून हसू येई.

आता इंटरव्हलनंतर ते स्वतःच झोपत आणि पुढचं सांगायला रिक्षात कुणी नसे.

शनिवारी संध्याकाळी जितेश दारात आला. दुसऱ्या मजल्यावरचा, कुणाच्या तरी कंपनीची गाडी चालवायचा. यंदा त्यांचं बिऱ्हाड गावी गेलं नव्हतं. बायकोचे, निशिगंधाचे वडील डिसेंबरात गेले. मीरा रोडच्या एका हॉस्पिटलात तीन आठवडे मशीनवर होते, आणि ती बाहेरच्या बाकावर. जितेशची सगळी रजा त्या धावपळीत संपली होती.

"काका, एक काम होतं. एखादा हसवणारा पिक्चर सांगा ना."

"बस तर आधी. काय झालं?"

"निशी हल्ली बोलतच नाही ओ. लॅबमध्ये जाते, लोकांचं रक्त काढते, घरी येते, जेवण करते. मी काय बोललो तर हां, नाही, बस. उद्या जबरदस्ती बाहेर काढतोय तिला. पण रडकं काय नको. मोबाइलवर बघितलं तर सगळेच चार स्टार देतात, काय कळत नाय. तुम्ही बोललात की मला टेन्शन नाय."

हरीकाकांचा चेहरा उजळला. यंदाच्या अख्ख्या मे महिन्यात त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. आणि नेमका गेल्याच मंगळवारी त्यांनी एक मराठी सिनेमा बघितला होता, तेही पोट धरून. एस.टी.तून रिटायर झालेला ड्रायव्हर बाप मुंबईला लेकीच्या फ्लॅटवर राहायला येतो. पहाटे उठून सोसायटीच्या पाण्याच्या टँकरला रिव्हर्स सांगतो. लिफ्टमध्ये चढणाऱ्यांना पुढे सरका म्हणतो. लेकीच्या बॉसला सुट्टे आहेत का विचारतो.

"तोच बघा," काका म्हणाले. "बापलेकीचा आहे. हसून हसून डोळ्यांतून पाणी येईल."

"नक्की ना, काका? शेवटपर्यंत असाच आहे?"

काकांच्या ओठांवर आलंही होतं, की बाबा रे, इंटरव्हलनंतरचं मला विचारू नकोस. पण तेवढं बोललं की उद्यापासून हरीकाकांचं मत संपलं. फणसाचे गरे येतील, प्रश्न येणार नाही. आणि टँकरला रिव्हर्स सांगणारा माणूस पुढे जाऊन जाऊन काय वाईट करणार?

"अरे, बिनधास्त जा," ते म्हणाले.

रविवारी ते दुपारपासूनच गॅलरीत होते. ती दोघं निघताना निशिगंधाने वर बघून हात केला, तेव्हा त्यांना फार बरं वाटलं. तिने कितीतरी दिवसांनी केसांत गजरा घातला होता. संध्याकाळी परतायच्या सुमारास ते मुद्दाम जिन्यात येऊन उभे राहिले. येतील, हसत हसत सांगतील, आपणही टँकरची गोष्ट पुन्हा काढू, असा बेत होता.

रिक्षा थांबली. निशिगंधा जिना चढून आली ती खाली मान घालून. डोळे सुजले होते, गजरा हातात होता. काकांच्या जवळून ती काही न बोलता वर निघून गेली. जितेश मागे थांबला आणि वरचं दार लागल्याचा आवाज आल्यावरच बोलला.

"काका, तो बाप मरतो ओ."

"कोण?"

"कोण म्हणजे? ड्रायव्हर. इंटरव्हलनंतर सगळं हॉस्पिटलच आहे. तीच नळी, तेच मशीन, ती पोरगी बाहेर बाकावर. मी बोललो चल उठ, तर उठेना. पूर्ण बघितला तिने." जितेशचा आवाज चढला नव्हता, तो चढला असता तर बरं झालं असतं. "तुम्हाला माहीत होतं ना, काका? मी सांगितलं होतं, रडकं नको."

 माहीत होतं म्हणावं तर दुष्टपणा, नव्हतं म्हणावं तर आजवरचा खोटारडेपणा उघडा. जितेशने थोडी वाट पाहिली आणि तोही वर गेला.

ती रात्र कशी गेली ते सांगण्यात अर्थ नाही. सोमवारी काका थिएटरकडे फिरकले नाहीत. तुळशींना पाणी घालताना दुसऱ्या मजल्यावर मात्र ते पाऊल न वाजवता चढले आणि तसेच उतरले. आपल्या एका शब्दाने त्या पोरीला पुन्हा त्या बाकावर नेऊन बसवलं, हे त्यांच्या मनातून जाईना. मान गेल्याचं दुःख होतं, नाही असं नाही, पण ते आता दुसऱ्या नंबरावर होतं.

दिवेलागणीला बेल वाजली. दारात निशिगंधा होती, लॅबचे कपडे अजून अंगावरच. हातात स्टीलची वाटी आणि घराच्या किल्ल्या.

"फणसाची भाजी आहे, काका. आईने गावाहून फणस पाठवला होता."

"ये, बस." काकांनी वाटी घेतली आणि ती धरूनच उभे राहिले. "पोरी, काल..."

"तुम्ही झोपला होतात ना?"

काका खुर्चीत बसले.

"काल मी खूप रागावले होते तुमच्यावर. खोटं कशाला बोलू. रात्री जितेशशी पण भांडले. मग आज सकाळी एका आजोबांचं रक्त काढत होते ना, तेव्हा डोक्यात आलं. ज्याने तो दुसरा अर्धा बघितलाय, तो मला जा म्हणणारच नाही. हरीकाका तर नाहीच नाही. म्हणजे तुम्ही बघितलाच नाही."

"कुठलाच बघितलेला नाही," काका म्हणाले. "तीन वर्षं." आणि मग एकदा तोंड उघडलंच आहे तर त्यांनी सगळं सांगून टाकलं. घरातली न येणारी झोप, तिथली येणारी झोप, खिशातला चष्मा. मंदाचं सांगितलं, खांद्यावरचं डोकं, रिक्षातलं "आणि मग?" शेवट बदलायचो, एवढं मात्र सांगितलं नाही. ते त्यांचं आणि मंदाचं होतं.

निशिगंधा ऐकत राहिली. मग ओढणीने तोंड पुसून तिने खुर्ची पुढे ओढली.

"कुठपर्यंत बघितलात?"

"तो पोरीच्या बॉसला सुट्टे मागतो, तिथे इंटरव्हल झाला."

"हां. मग ना, तो बाजारात जातो आणि चक्कर येऊन पडतो. कुणी ओळखत नाही तिथे. खिशात फक्त एस.टी.चा जुना बिल्ला. त्याच्यावरून शोधत शोधत ती पोहोचते." निशिगंधा छान सांगत होती, मध्येच ड्रायव्हरच्या आवाजात बोलत होती. काका पुढे झुकून ऐकत होते. "त्याला मशीन लावतात. डॉक्टर सांगतात, बोलत राहा, ऐकू येतं पेशंटला. तर ती काय बोलते माहितीये? एस.टी.चे स्टॉप. पनवेल, पेण, वडखळ, नागोठणे. एकेक स्टॉप घेत त्याला गावाकडे नेते."

ती थांबली. खाली रस्त्यावर कुणीतरी भाजीवाल्याशी हिंदीत घासाघीस करत होतं.

"आणि मग?" काकांनी विचारलं.

निशिगंधाने हातातल्या किल्ल्यांकडे बघितलं. 

"मग काय," ती म्हणाली. "माणगावला डोळे उघडतो तो. म्हणतो, एवढा वेळ लावतात काय, गाडी लेट केलीत. मग त्याला घरी आणतात. पहाटे पुन्हा टँकरवाल्याला रिव्हर्स सांगायला खाली हजर. तिथेच संपतो."

ती सरळ त्यांच्याकडे बघत होती, डोळ्याची पापणीसुद्धा न हलवता. जितेश जिन्यात काय बोलून गेला होता ते तिला ठाऊक नव्हतं. काकांनी तिच्याकडे बघितलं आणि त्यांना रिक्षातली मंदा आठवली, मागे टेकून, डोळे मिटून सगळं ऐकून घेणारी. तिला ठाऊक होतं. पहिल्यापासून, दर रविवारी, तिला ठाऊक होतं.

"बरं झालं," हरीकाका म्हणाले.

निशिगंधा उठली. काका आत गेले, भाजी त्यांनी काढून ठेवली आणि वाटी धुतली. सवयीने अंगठा आतून एकदा फिरवून बघितला. रिकामी वाटी परत द्यायची नाही, हा मंदाचा नियम होता. घरात दुसरं काही नव्हतं, म्हणून त्यांनी डब्यातली चिमूटभर साखर तिच्यात घातली आणि वाटी दोन्ही हातांनी धरून बाहेर आणली.