नंदाबाईने मागितलेली ओवाळणी

मित्रांनो, माझे नाव ऐकून मागे सरकू नका. मी एक जुनी ठासणीची बंदूक आहे. पण आज माझ्या पोटात काहीही नाही आणि या रिकामेपणाचा मला फार आनंद आहे. तो मला कसा मिळाला, तेच सांगते.

चिचगडच्या पलीकडे जंगलाला लागून एक लहान गाव आहे. तिथल्या टिकारामच्या वडिलांनी रानडुकरांपासून धान राखायला सरकारचा परवाना काढून मला घरी आणले. ते गेले आणि मी टिकारामच्या हाती आले. लोंब्या भरल्या की डुकरे धानाच्या बांध्यांत शिरत. माझा एक बार झाला की सगळा कळप जंगलात पळे, आणि दुसऱ्या दिवशी गावभर टिकारामचे कौतुक होई. तो मला तेल लावून पुसायचा आणि पडवीतल्या खुंटीवर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेन अशी टांगायचा. मी कायम भरलेली असे. माझ्या नळीत दारू आणि छर्रे गजाने ठासायला वेळ लागतो, आणि डुक्कर काही तोवर थांबत नाही, असे त्याचे म्हणणे. मलाही ते पटत होते. भरल्या पोटाने भिंतीवर मिरवण्यात मला मोठा मान वाटे.

देश स्वतंत्र झाल्यानंतरची एक दिवाळी. भाऊबीजेला गावात मंडईची जत्रा भरायची होती. पाळणे आले होते, जिलेबीच्या कढया चढल्या होत्या, दंडारीच्या नाचाचे ढोलके तापत होते. टिकारामची धाकटी बहीण नंदाबाई आमगावकडे दिलेली. दरवर्षीप्रमाणे ती लेकरांना घेऊन आली. बैल जुंपलेले खाचर अंगणात थांबले. तिची मोठी मुलगी प्रेमिला उडी मारणार, तोच नंदाबाईने तिचा दंड धरला.

"दादा, बंदूक कुठं हाये?"

"खुंटीवर. काऊन?"

"भरली हाये का?"

टिकाराम हसला. रिकामी बंदूक आणि काठी यांत फरक तो काय, असे म्हणाला.

"मंग माही लेकरं खाली उतरत नाहीत," नंदाबाई म्हणाली.

तिच्या सासरच्या शेजारी त्या पावसाळ्यात एक वाईट गोष्ट घडली होती. दोन भावंडे घरात शिकार-शिकार खेळत होती. भावाने भिंतीवरची बंदूक काढली. ती भरलेली आहे हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते. बहीण वाचली, पण तिचा पाय गेला. नंदाबाईने हे अंगणातल्या सगळ्यांसमोर सांगितले.

टिकारामला मात्र चारचौघांत अपमान झाल्यासारखे वाटले. "माया घरी तुया लेकरायले आजवर काही झालं का?"

"नाही झालं, मनूनच इचारून राहिली, दादा. झाल्यावर इचारून का उपयोग? यंदा मले लुगडं नोको. ओवाळणीत येवढंच दे, बंदूक रिकामी करून कुलपात ठेव."

तो उत्तर देणार, इतक्यात दारात उभी असलेली त्याची बायको धुरपताबाई हळूच म्हणाली, "रुख्मा चालाले लागली तवापासून मलेबी भेव वाटते."

रुख्मा त्यांची एकुलती लेक. धुरपताबाई विहिरीवर गेली तरी तिचे मन त्या खुंटीपाशी असे. दुपारी तिने कधी पाठ टेकली नव्हती.

"कधी बोलली नाही तू," टिकाराम म्हणाला.

"तुमी कधी इचारलं नाही."

टिकाराम पडवीत आला. मग त्याने मला खुंटीवरून काढले. मला वाटले, रागाने रानात निघाला. पण तो परसात गेला, एकटाच. आधी त्याने बार पेटवणारी माझी टोपी काढली, मग माझे तोंड मोकळ्या बांधाकडे ठेवून गजाने बार ओढून काढला. कुठलाही आवाज न करता मी पहिल्यांदाच रिकामी झाले. बैलांच्या झुली ठेवायची एक लांब सागवानी पेटी होती. तिच्यात मला निजवले आणि कुलूप लावले. दारू आणि छर्रे वेगळ्या पेटीत गेले. त्या पेटीची किल्ली टिकारामने घेतली, माझ्या पेटीची धुरपताबाईला दिली.

मग लेकरे धपाधप खाली उतरली. नंदाबाईने भावाला ओवाळले तेव्हा दोघांचेही डोळे भरून आले होते आणि दोघेही हसत होते. जेवणे झाल्यावर लेकरे घरभर धुडगूस घालत असताना धुरपताबाई पदर डोक्याखाली घेऊन गाढ झोपली. तिला कुणी उठवले नाही.

सुरुवातीला मी पेटीत रुसले होते. कौतुक नाही, उजेड नाही, अंगावर गंजाचे ठिपके. डुकरे फारच माजली तर मला बाहेर काढत, एरवी माणसे शेतातल्या माळ्यावर बसून डबे वाजवत आणि धान राखत. माझा रुसवा गेला तो एका पावसाळ्यात. बोडीच्या, म्हणजे शेताजवळच्या छोट्या तळ्याच्या, पाण्यावरून शेजारच्या शालीकरामशी टिकारामचे कडाक्याचे भांडण झाले. तो रागाने तडक घरी आला आणि पेटीची किल्ली मागू लागला. धुरपताबाईने कमरेची किल्ली मुठीत घट्ट धरली.

"आंधी पानी पेऊन घ्या," ती म्हणाली. "मंग बोलू."

तो पाणी प्यायला. खाली बसला. बोलता बोलता त्याचा आवाज उतरला. मग त्याने माझे नावही काढले नाही. दोन दिवसांनी तो आणि शालीकराम मिळून बोडीची पाळ बांधत होते.

मित्रांनो, बंदूक दिसली तर तिला हात लावू नका, मोठ्यांना सांगा. आणि मोठ्यांनो, ज्या घरी लेकरे पाठवाल तिथे बंदूक आहे का, कुठे आहे, भरलेली आहे का, हे मोकळेपणाने विचारा. विचारल्याने नाते तुटत नाही. आपल्या घरातही विचारा, कारण घरातले माणूस मनातली भीती आपणहून सांगतेच असे नाही.

पाण्यासाठी भांडलेल्या त्या शालीकरामला किल्लीची गोष्ट आजही ठाऊक नाही. दर मंडईला तो आमच्याकडे जेवायला येतो, टिकारामच्या पाटाला पाट लावून बसतो आणि इतका मोठ्याने हसतो की मला पेटीत ऐकू येते.