तांदळातलं नाव

राहू गावातल्या सोजरबाईंच्या ओट्यावर मी तिसऱ्यांदा टेकले, तेव्हा सोजरबाई म्हणाल्या, "गौतमे, जरा सरक. ती तुझ्या मागं उभी हाय. तिला जागा दे."

मी सरकले. मागं वळून मात्र पाहिलं नाही.

मी यवतची. पुण्यातल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात संशोधन चालतं, तिथं नोकरीला. एखाद्याच घराण्यात पिढ्यान् पिढ्या अंधार का उतरतो, ते शोधायचं. डॉक्टर रक्त वाचतात. मी गावोगाव फिरून ते गोळा करते आणि प्रत्येक घराच्या वंशाचं झाड कागदावर काढते. बाईला गोल, पुरुषाला चौकोन. ज्याची नजर गेली, त्याची खूण काळी.

सोजरबाईंचा गोल काळा. पोरवयात दिवेलागणीला ठेचा लागायच्या, पुढं नजर कडेकडेनं आवळत गेली, नळीतून बघावं तशी, आणि पन्नाशीत ती नळीही मिटली. त्यानंतर त्यांना अंगणात ती दिसायला लागली. बारा-तेरा वर्षांची नवरी, हळदीचं लुगडं, कपाळाला मुंडावळ्या, हातात तांदळाचं ताट. बोलत काही नाही. बोटानं तांदळात काहीतरी ओढते, पुसते, पुन्हा ओढते.

"घरात सांगितलं असतं तर लिंबं उतरत बसले असते," त्या मला म्हणाल्या होत्या. "लिंबाला दहा रुपये पडत्यात."

डॉक्टरांनी त्यांना समजावलं होतं. डोळ्याच्या मागचा पडदा झिजला की मेंदूला चित्रं मिळत नाहीत, मग तो आपली आपण रचतो. भूत नाही, वेडही नाही, पुष्कळांना होतं. सोजरबाई ऐकून म्हणाल्या, "व्हय का? मंग त्या मेंदूला म्हणावं, जरा हसरी माणसं रच की."

त्या दिवशी त्यांची नात स्नेहल ओट्यावर परातीत तांदूळ निवडत होती. रविवारी तिची सुपारी फुटायची होती, कासुर्डीच्या सुदर्शनशी. दौंडच्या कॉलेजात दोघांचं जुळलेलं. घरच्यांचं मन वळवायला वर्ष गेलं होतं.

सोजरबाईंनी माझा हात ओढला आणि हळूच सांगितलं, "सोयरीक ठरल्यापासनं त्या नवरीच्या पदराला एक लेकरू हाय गं. भिंत धरून चालतंय. माझ्यावानी."



मी आले होते तेच सांगायला. कासुर्डीला सुदर्शनची आत्याही आंधळी. त्या घराचंही झाड मी काढलेलं. आता रिपोर्ट आला होता: दोन्ही घरांच्या रक्तातल्या जनुकांत एकाच जागी तेच एक अक्षर चुकलेलं. एका घरचं दुसऱ्या घरी सांगायचं नाही असा आमचा नियम, पण सुदर्शननं स्वतः सही करून दिली होती, "तिला सांगा, ताई. सुपारीच्या आधी सांगा."

स्नेहलचे वडील भिमाजीआप्पा ऐकता ऐकता उठूनच उभे राहिले. "म्हंजी नातं हाय म्हणता? अवो मॅडम, देवक वेगळं, गाव वेगळं. मी धा जणांना विचारून सोयरीक केली."

"आप्पा, कुठंतरी वर, एकच माणूस दोन्ही घरांचं असणार. आणि स्नेहल, सुदर्शन दोघांच्याही रक्तात ते दडून बसलं असेल, तर चारांत एका लेकराची नजर अशीच जायची."

"आन् कोण ते माणूस?"

तेच तर मला सापडत नव्हतं. कासुर्डीच्या झाडाच्या टोकाला सुदर्शनच्या आजोबांची बहीण होती; बारा वर्षांची असताना वारली, असं सांगितलेलं. राहूच्या झाडाच्या टोकाला सोजरबाईंची आई, साखरबाई. माहेर: माहीत नाही.

"आजी, तुमच्या आईचं माहेर कुठलं?"

"तिला सांजचं दिसत नव्हतं. ते लपवून दिली, म्हणून सासरच्यांनी माहेर तोडलं. आन् माहेरच्यांनी गप पाणी सोडलं. गावाचं नाव मरेस्तवर तिच्या तोंडातनं आलं न्हाई. जात्यावर तेवढं गायची."

त्यांनी गळा लावला. आवाज चिरका, पण सूर जागचा हलला नाही.

"माहेरीचं नाव माझं तांदळात गं पुसलं,
सासरच्या ताटामंदी दुसरंच कुणी बसलं."

माझी पेन्सिल थांबली. लग्नात ताटात तांदूळ पसरून नवरीचं नवं नाव काढतात, आणि त्या दिवसापासून जुनं नाव कुणी घेत नाही. तीन वर्षं मी बायकांची नावं लिहीत होते. लग्नाआधी तुम्ही कोण होता, हे एकीलाही विचारलं नव्हतं.

मी परात उचलून सोजरबाईंपुढं ठेवली. "आजी, ती ताटात काय ओढते, तसं इथं काढा."

"मला कुठं लिहाया येतंय?"

भिमाजीआप्पा म्हणाले, "आयनं शाळेची पायरी बघितली न्हाई, मॅडम. काय चेष्टा लावली?"

सोजरबाईंनी मान वळवली, माझ्या मागं, कुणाच्या तरी हाताकडं बघावं तशी. बोट तांदळात उतरलं. संथ, थांबत थांबत. जणू ती नवरी थांबली की ह्याही थांबत होत्या. शेवटी बोट आडवं सरकून वरची रेघ ओढली गेली.

स्नेहलनं वाकून वाचलं. "शेवंता."

कासुर्डीचा कागद माझ्या पिशवीत घडी घालून होता. सुदर्शनच्या आजोबांच्या त्या वारलेल्या बहिणीचं नाव मी त्या ओट्यावर उच्चारलंही नव्हतं. मी कागद काढून स्नेहलच्या हातात दिला; त्यावरही तेच नाव होतं. शेवंता वारली नव्हती, लग्नात साखरबाई झाली होती.

वाऱ्यानं तांदळावरचा कोंडा तेवढा हलला.

साखरबाईंना तेवढं नाव लिहिता येत असेल, कधी चुलीपुढं राखेत काढलं असेल, पोरीनं पाहिलं असेल, मेंदूनं जपून ठेवलं असेल. मी वहीत तसंच लिहिलं.

"आप्पा, रविवारी सुपारी न्हाई फोडायची," स्नेहल म्हणाली आणि बाही वर केली. "ताई, घ्या रक्त."

कासुर्डीला सुदर्शननंही रक्त दिलं. तीन आठवड्यांनी दोघांचे रिपोर्ट आले. दोघांच्याही रक्तात ते चुकलेलं अक्षर होतं.

दौंडच्या स्टँडवर स्नेहल आणि सुदर्शन दुपारभर बसले होते म्हणे. चार गाड्या सोडल्या. मी राहूला गेले तेव्हा स्नेहलचे डोळे सुजलेले होते.

"मोडलं, ताई. आमचं आम्हीच."

"गरोदरपणात तपासणी करता येते, डॉक्टरांनी सांगितलं ना?"

"सांगितलं. म्हंजी चारांतलं ते एक आलं, तर नको म्हणायचं." तिनं आजीकडं पाहिलं. "हिच्या तोंडाकडं बघून मला ते जमायचं न्हाई. आन् जाणूनबुजून अंधारात बी ढकलायचं न्हाई."

सोजरबाई म्हणाल्या, "आंधळी झाले म्हणून काय मी जगले न्हाई? पर तुझं तू ठरवलंस, झालं."

स्नेहल चहा टाकायला आत गेली. मी विचारलं, "आजी, ती आहे अजून?"

"हाय. ताट खाली ठिवलंय तिनं. ओढत न्हाई आता काय. नुसती बसती."

"आणि लेकरू?"

त्यांनी भिंतीच्या त्या कडेला तोंड वळवलं.

"गेलं," त्या म्हणाल्या. "गोड हुतं गं. परवाच भिंत सोडून दोन पावलं चाललं हुतं."